नवऱ्याला जुन्या संडासांचे खड्डे उकरायचा नाद लागलाय, काय करू?

प्रश्न: आम्ही पेनसिल्व्हेनियात, पिट्सबर्गला राहतो. ऑफिसातल्या एका मित्रामुळे माझ्या नवऱ्याला जुन्या काचेच्या बाटल्या जमवायचा नाद लागला. आधी विकत घ्यायचा, आता खोदून काढतो. आणि खोदतो कुठे, तर शंभर-सव्वाशे वर्षांच्या घरांच्या परसातले बुजलेले संडास! दर रविवारी तिघं-चौघं मिळून कुणाच्या तरी अंगणात खड्ड्यात उतरतात आणि संध्याकाळी हा मातीने माखून, खोकाभर बाटल्या घेऊन घरी येतो. आता पंधरा वर्षांचा मुलगाही जायचं म्हणतोय. सासूबाई कणकवलीहून सहा महिन्यांसाठी आल्या आहेत. या बाटल्या घरात नकोत, असं त्यांनी पहिल्याच रविवारी ठणकावून सांगितलं. तेव्हापासून घरात रोज धुसफूस चालू आहे. किळस मलाही येते, पण नवरा इतका आनंदात असतो की बंद कर म्हणवत नाही. यातून रोगराई होईल का? हे कायद्याने चालतं का? मुलाला पाठवू का? आणि डिसेंबरात गावी गेल्यावर तिथल्या जुन्या घरामागचा संडासही उकरायचा त्याचा बेत आहे, त्याचं काय करू?
– एक वाचक

उत्तर:

प्रिय ताई,

रोगराई, कायदा, मुलगा, सासूबाई, गावचं घर, सगळं विचारलंत. खड्डा किती खोल असतो, तेवढं विचारायचं राहिलं. मी तिथूनच सुरुवात करते, कारण या छंदात जीव जातो तो अंगावर माती कोसळून.

जुन्या शहरांतल्या परसदारच्या संडासाचा खड्डा दोन-तीन फुटांवर संपत नाही. बाजूने लाकडी फळ्या लावलेला असला तर तो साधारण माणसाच्या उंचीचा असतो. विटांनी किंवा दगडांनी बांधून काढलेला असला तर विहिरीसारखा खाली जातो. फिलाडेल्फियात वीस फुटांच्याही खाली गेलेले खड्डे सापडले आहेत. आतली भर म्हणजे राख, विटांचे तुकडे, घरातला कचरा. ती कधीच घट्ट बसलेली नसते. उपसायला लागलं की बाजूच्या भिंतीला शंभर वर्षं मिळालेला आधार निघून जातो. एक घनमीटर माती दीड टनाच्या आसपास भरते. छातीपर्यंत गाडलेल्या माणसाचं डोकं वर असलं तरी त्याचा जीव जाऊ शकतो, कारण श्वास सोडला की माती तेवढी आत सरकते आणि छाती पुन्हा फुगू देत नाही. वरचे मित्र हातांनी उकरत बसतात आणि तेवढ्यात वेळ निघून जाते. घाबरून मदतीला खाली उडी घेणाराही अडकतो.

अमेरिकेत कामगारांच्या सुरक्षेचं काम पाहणाऱ्या ‘ओशा’चा नियम असा आहे, की चर पाच फूट किंवा त्याहून खोल असेल तर बाजूंना आधार द्यायचा किंवा त्या उतरत्या कापून घ्यायच्या. चार फुटांपासून पुढे चढून बाहेर यायला शिडी हवीच. उपसलेली माती काठापासून निदान दोन फूट लांब टाकायची, कारण काठावरचा ढीग त्याच्या वजनाने काठच खाली ओढतो. हे नियम कामावर माणसं लावणाऱ्यांसाठी आहेत, रविवारच्या हौशी मंडळींना ते लागू होत नाहीत. म्हणून तुम्ही ते घरात लागू करा. नवऱ्याला समोर बसवून सांगा: चार फुटांच्या खाली जायचं असेल तर लाकडाचा पक्का आधार लावता येणारा जाणकार माणूस सोबत हवा, नाहीतर तिथे थांबायचं. एकट्याने कधीही नाही. पाऊस पडून गेल्यावर दोन-तीन दिवस नाही. आणि बाजूच्या भिंतीत दिसणाऱ्या बाटलीच्या मागे आडवं कोरत जायचं तर कधीच नाही. अनुभवी माणसंही फसतात ती याच मोहापायी. भिंतीतून बाटलीचा तळ डोकावत असतो, सगळं भान त्या तळाकडे लागलेलं असतं, आणि डोक्यावर काय लटकतंय ते दिसत नाही.

खोल खड्ड्यात हवाही कोंडते. चक्कर येते, डोकं दुखतं असं वाटलं की लगेच वर यायचं. वापरातली किंवा अलीकडच्या काळातली सेप्टिक टाकी मात्र उघडायचीही नाही. तिथला वायू क्षणात माणूस आडवा करतो. गटारात आणि टाकीत उतरलेली माणसं गुदमरून गेल्याच्या बातम्या आपण भारतात वर्षानुवर्षं वाचत आलो आहोत.

आता किळसेबद्दल.

असा खड्डा उकरताना मी काठावर उभी राहून पाहिला आहे. वर हातभर बागेची काळी माती निघते. मग कोळशाची राख आणि खंगर, फुटक्या विटा, पाटीच्या दगडाचे तुकडे. घरात नळ आणि शहरात गटारं आली तेव्हा जो हाताला लागला तो कचरा टाकून खड्डा बुजवला, त्याचा हा थर. त्याच्याखाली मऊ, गडद तपकिरी माती लागते, मधूनच चुन्याची पांढरी रेघ. खोदणारे ज्याची वाट पाहत असतात तो थर हाच. मूठभर माती चाळणीत घेऊन पाण्याखाली धरली की त्यात बारीक बिया चमकतात, रासबेरीच्या, द्राक्षाच्या, टोमॅटोच्या. त्या घरातल्या माणसांनी खाल्लेलं फळ. त्याच थरात बाटल्या, चिनी मातीच्या बाहुलीचं डोकं, मातीच्या चिलमीची नळी, हाडाची बटणं. वास ओल्या मातीचा येतो. पाणी साचलेल्या जागी थोडा कुबट येतो, पण आपल्याला वाटतं तसा काहीच नाही. कोकणातल्या शेतकऱ्याला हे वेगळं सांगायला नको, मुरलेलं सोनखत ते सोनखत.

हे संडास वापरात होते तेव्हा भीती खरी होती. पिट्सबर्ग टायफॉइडसाठी बदनाम शहर होतं. नद्यांचं पाणी न गाळता घरोघर जायचं. १९०७ च्या डिसेंबरात गाळलेलं पाणी मिळायला लागलं आणि साथ ओसरली. पण टायफॉइडचे ते जंतू शरीराबाहेर मातीत शतकभर तग धरत नाहीत. जंतांची अंडी जास्त चिवट असतात, तीही काही वर्षांत मरतात. तेव्हा त्या मैल्यातून आज तुमच्या घरात रोग येण्याची धास्ती सोडून द्या.

काळजी घ्यायची ती इतर गोष्टींची. धनुर्वाताचे बीजाणू कुठल्याही मातीत दशकानुदशकं टिकतात, आणि या मातीत फुटकी काच पावलोपावली. नवऱ्याने धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं ते पाहा. दहा वर्षं झाली असतील तर याच आठवड्यात घ्यायला सांगा, आणि मातीत खोल जखम झाली तर पाच वर्षांनंतरही पुन्हा घ्यावं लागतं. जुन्या शहरांच्या मातीत शिसंही असतं, रंगांतून, धुरातून, राखेतून आलेलं. म्हणून खड्ड्यावरचे बूट घराबाहेर काढायचे, कपडे वेगळे धुवायचे (आणि ते त्याने धुवायचे, तुम्ही नव्हे), खाण्याआधी हात कोपरापर्यंत साबणाने धुवायचे. जाड हातमोज्यांशिवाय काचेला हात नाही. बूच लागलेली, आत काही शिल्लक असलेली बाटली उघडायची नाही, हुंगायची नाही. गडद निळ्या काचेची, अंगावर उभ्या धारा किंवा टोचणारे उंचवटे असलेली बाटली ही बहुधा विषाची. रात्री अंधारात औषध समजून कुणी उचलू नये, हाताला कळावं म्हणून ती तशी बनवत. अशा काही बाटल्यांत पाऱ्याची संयुगं भरलेली असायची.

सासूबाईंचा प्रश्न जंतूंचा नाहीच. त्या ज्या घरात वाढल्या त्या घराच्या मागच्या बाजूला संडास असणार, आणि तो साफ करायला मागच्या वाटेने येणारी माणसं असणार. त्या माणसांना ओटीवर जागा नव्हती. मैला डोक्यावरून वाहून नेण्यावर कायद्याने बंदी आली ती १९९३ साली, आणि २०१३ मध्ये आणखी कडक कायदा करावा लागला. म्हणजे सासूबाईंच्या मनातला विटाळ त्यांचा एकटीचा नाही, आपल्या सगळ्यांच्या घरात तो जातीने आणून ठेवलेला आहे. त्यावरून त्यांच्याशी भांडू नका. पण त्याला मान तुकवून गप्पही बसू नका. कणकवलीच्या माणसाला आप्पासाहेब पटवर्धन माहीत असतात. रत्नागिरीच्या तुरुंगात सफाईचं काम स्वतःला मिळावं म्हणून उपोषण करणारे, पुढे कणकवलीत गोपुरी आश्रम उभारून स्वतः संडास साफ करणारे आणि मैल्याचं खत करून दाखवणारे आप्पा. त्यांचा विषय काढा. सासूबाईंनी त्यांच्याबद्दल घरात काय ऐकलं होतं, ते विचारा. वाद घालण्यापेक्षा या बोलण्यातून जास्त साधेल.

आणि नवऱ्यालाही एक सांगा. हे खड्डे भरले की अमेरिकेतही कुणीतरी रात्री कंदील आणि पिंपं घेऊन यायचं आणि उपसायचं. पोटासाठी. याला ते हौसेने करायला मिळतंय, ते त्याने विसरू नये. सासूबाईंच्या भावनेची थट्टा तर करूच नये. बाटल्या धुऊन, साबणाच्या पाण्यात रात्रभर भिजवून, ब्रशने घासून गॅरेजमधल्या फळीवर ठेवायच्या. स्वयंपाकघरात आणि देवघरापाशी नाही. एवढं सासूबाईंचं ऐकायला काहीच हरकत नाही.

मग एखाद्या दुपारी त्या फळीवरची एक बाटली तुम्हीच सासूबाईंच्या हातात द्या. पिट्सबर्गच्या मातीत हमखास निघते ती ‘मिसेस विन्स्लोज सूदिंग सिरप’ची. फिकट निळसर हिरव्या काचेची, जेमतेम पाच इंच उंच, अंगठ्याहून थोडी जाड. अंगावर काचेतच उठवलेली अक्षरं, बोट फिरवलं की लागतात. दात येताना रडणाऱ्या तान्ह्या मुलांसाठी हे औषध १८४९ पासून विकलं जायचं आणि त्यात मॉर्फिन असायचं. मूल शांत व्हायचं, आणि काही मुलं उठायचीच नाहीत. त्या आयांना आत काय आहे ते माहीत नव्हतं. अशी द्रव्यं लेबलवर लिहिणं अमेरिकेत सक्तीचं झालं ते १९०६ च्या कायद्याने. त्याच काळात मुंबईत गिरणीत कामाला जाणाऱ्या बायकाही बाळाला अफूची गोळी चाटवून निजवून जात. सासूबाईंच्या पिढीने अशा गोष्टी आज्यांकडून ऐकलेल्या असतात. ती बाटली हातात घेऊन त्या काय बोलतात, ते मुलालाही ऐकू द्या. त्यातून बाटल्या आवडू लागतील असं मी म्हणत नाही, पण नवरा रविवारी काय शोधतो ते त्यांना कळेल.

मुलाला पाठवा, पण खड्ड्यात नाही. कंबरेएवढ्या खोलीपर्यंतसुद्धा नाही. पंधराव्या वर्षी काठावर बसून करण्यासारखं भरपूर काम असतं: चाळणी, धुणं, मोजणं, लिहून ठेवणं. आणि डोकं चालवायचं खरं काम तर घरीच आहे. त्याला बाटलीची शिवण बघायला शिकवा. साच्यात फुंकलेल्या बाटलीच्या अंगावरून एक बारीक उभी रेघ वर जाते. ती ओठांच्या खालीच विरली तर तोंड कारागिराने हाताने घडवलेलं. ती थेट ओठांवरून गेली तर बाटली यंत्राची. असं पूर्ण स्वयंचलित यंत्र ओहायोच्या टोलीडोमध्ये मायकेल ओवेन्सने १९०३ च्या सुमारास चालवून दाखवलं. तळाशी खरबरीत, गोल, बोटाला टोचणारी खूण असेल तर ती लोखंडी सळईवर धरून बनवलेली, बहुतेक वेळा १८६० च्या दशकाआधीची. बरणीवर ‘पेटंट ३० नोव्हेंबर १८५८’ असं वाचलं की नवशिके हरखून जातात. पण ते मेसन या संशोधकाच्या पेटंटचं साल आहे, हातातल्या बरणीचं नव्हे. त्या तारखेच्या बरण्या पुढे कित्येक दशकं बनत राहिल्या.

पिट्सबर्गच्या मुलाला तर हा इतिहास दारातच आहे. १७९७ मध्ये तिथे पहिला काच कारखाना उभा राहिला आणि एकोणिसाव्या शतकात ते काचेचं मोठं केंद्र झालं. तिथलंच होस्टेटर्स बिटर्स हे पोटाचं ‘औषध’ दारूइतक्या अल्कोहोलवर चालायचं. यादवी युद्धात उत्तरेच्या सैनिकांनाही ते पुरवलं गेलं. त्याची चौकोनी तपकिरी बाटली तुमच्या गॅरेजात आधीच असेल. शहरातल्या हाइन्झ हिस्टरी सेंटरमध्ये काचेचा मोठा संग्रह आहे, एका रविवारी खोदायच्या ऐवजी सगळे मिळून तिकडे जा, सासूबाईंनाही न्या.

लिहून ठेवण्याबद्दल मी आग्रही आहे. पुरातत्त्वाचा अभ्यास करणाऱ्यांची या छंदावर नाराजी असते आणि ती रास्त आहे. फिलाडेल्फियात अमेरिकन क्रांतीचं संग्रहालय बांधण्याआधी त्या जागेवर अभ्यासकांनी विटांचे जुने संडास उकरले. एकातून जहाजाचं चित्र आणि ‘सक्सेस टू द ट्रिफीना’ अशी अक्षरं असलेला पंच पिण्याचा मोठा वाडगा तुकड्यांत मिळाला. वाडगा सुंदर आहेच. पण त्या घरात परवान्याशिवाय दारूचा गुत्ता चालत होता हे कळलं ते त्याच खड्ड्यातल्या पेल्यांवरून, चिलमींवरून, बाटल्यांवरून आणि जोडीला मिळालेल्या जुन्या कागदपत्रांवरून. नुसता वाडगा उचलून बाकीचं परत ढकललं असतं तर ती गोष्ट कायमची गेली असती. एकदा उकरलेला खड्डा पुन्हा वाचता येत नाही. म्हणून प्रत्येक थराचा फोटो, खोली, काय कुठे मिळालं ते वहीत, फुटकी भांडी आणि बटणंही पिशवीत घालून, पत्ता टाकून. खूप जुनं, १८०० च्या आसपासचं काही लागलं तर हात थांबवून स्थानिक इतिहास मंडळाला फोन. माणसाची हाडं दिसली तर पोलिसांना, त्याच क्षणी.

कायद्याचं सोपं आहे. खासगी जागा, मालकाची लेखी परवानगी, आणि सापडलेल्या वस्तू कुणाच्या हे आधीच ठरलेलं, एवढं असेल तर अमेरिकेत बहुतेक ठिकाणी अडचण येत नाही. भाडेकरूची परवानगी ही परवानगी नव्हे. केंद्र सरकारच्या किंवा आदिवासी जमातींच्या जमिनीवर शंभर वर्षांहून जुनी वस्तू परवान्याशिवाय उकरणं हा १९७९ च्या कायद्याने गुन्हा आहे. राज्याची आणि शहराची उद्यानंही वर्ज्य समजा. खोदण्याआधी काही दिवस, जमिनीखालच्या लाइन दाखवणाऱ्या सेवेच्या ८११ या नंबरला फोन करायचा, तो फुकट आहे. ते येऊन गॅसची लाइन पिवळ्या, विजेची लाल, पाण्याची निळ्या, सांडपाण्याची हिरव्या रंगाने आखून देतात. मीटरपासून आत घरमालकाने स्वतः टाकलेल्या लाइन मात्र ते दाखवत नाहीत, त्या मालकालाच विचाराव्या लागतात. नवऱ्याकडे सॅनबॉर्न कंपनीचे आगीच्या विम्याचे जुने नकाशे असतीलच, लायब्ररी ऑफ काँग्रेसने ते सगळ्यांना खुले केलेत. खड्डा कुठे असेल ते त्यावरून कळतं, खाली आज कुठली लाइन गेली आहे ते कळत नाही. आणि संध्याकाळी खड्डा थराथराने धुम्मस करून बुजवायचा, वर हिरवळ परत लावायची. पावसानंतर माती खचली तर पुन्हा जाऊन भर घालायची. पुढच्या माणसाला परवानगी मिळते ती यावरूनच.

रविवार दर आठवड्याला खड्ड्याचा का, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण मला पत्रात तो दिसला. महिन्यातले दोन रविवार त्याचे, दोन घराचे, असं स्पष्ट ठरवून घ्या.

राहिला गावचा बेत. तो रद्द करा. आपल्याकडे १८७८ चा निखात निधीचा कायदा अजून लागू आहे. जमिनीत पुरलेली दहा रुपयांहून जास्त किमतीची कुठलीही वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. शंभर वर्षांवरची वस्तू देशाबाहेर न्यायची तर १९७२ चा पुरावस्तू कायदा आडवा येतो. शिवाय कोकणातलं जुनं घर क्वचितच एकाच्या नावावर असतं, सातबाऱ्यावर चार चुलत घरं असतात, आणि खोदायला सुरुवात केली की ‘काय सापडलं’ याची चर्चा वाडीभर होईल. त्यापेक्षा नवऱ्याला गावच्या एखाद्या जुन्या सोडा कारखान्यात पाठवा. गोटी सोड्याची बाटली मुळात हायरम कॉड या इंग्रजाची, १८७२ चं पेटंट. इंग्लंडच्या जुन्या उकिरड्यांतून तीच बाटली तिकडचे शौकीन उकरून काढतात. आपल्याकडे ती अजून भरून विकली जाते. मालकाला विचारून, पैसे देऊन, दोन रिकाम्या बाटल्या घेऊन या.